इस्तंबूलला बॅरिॲट्रिक (वजन कमी करण्याची) सर्जरी? पैसे भरण्याआधी हे करा

ब्रिटनहून स्वस्त पॅकेज घेऊन लोक तुर्कीला जातात, पण त्रास बहुधा घरी परतल्यावर सुरू होतो.

१. सर्जनशी स्वतः बोला. व्हॉट्सॲपवरचा गोड बोलणारा एजंट डॉक्टर नसतो.
२. परतल्यावर रक्ततपासणी, व्हिटॅमिन कोण बघणार, हे आपल्या जीपीला (फॅमिली डॉक्टरला) आधीच विचारा. एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) सगळं करेलच असं धरू नका.
३. तारीख बदलता येईल असंच परतीचं तिकीट काढा. ऑपरेशननंतर लगेच विमानात बसल्यास पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.
४. ऑपरेशनचा इंग्रजी अहवाल हातात घेऊनच निघा.

नेहमीचा प्रवास विमा यात सहसा चालत नाही.

नाडी १२० च्या वर टिकून राहिली, ताप किंवा पोटदुखी वाढली, तर एजंटच्या उत्तराची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठा.