तवसं, कोकम, फणस, नाचणी: घरी बेक करताना या चुका टाळा

श्रावणात वेलीवरची तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, जून होऊन पिवळी पडायला लागली की कोकणात धोंडसाची, म्हणजे तवशाच्या किसाच्या आणि गुळाच्या भाजलेल्या केकची, आठवण निघतेच. पूर्वी ते खाली निखारे, वर झाकणावर निखारे असं भाजत. आता बऱ्याच घरांत ओव्हन आला, तरी तक्रारी ऐकू येतात: धोंडस आत ओलं राहिलं, कोकमाचा केक राखाडी निघाला, नाचणीचा केक कापताना भुगा झाला. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. माप मैदा-साखरेच्या केकचं घेतलेलं असतं आणि जिन्नस आपल्या परसातला असतो. तो स्वतःचं पाणी, आंबटपणा आणि रंग घेऊन येतो. त्याचा हिशेब आधी करायला हवा.

धोंडस तळाशी चिकट राहतं

तवशाची दोन्ही टोकं कापून आधी चाखून बघा. कडू लागलं तर ते तवसं बाजूला ठेवा. गूळ कितीही वाढवला तरी तो कडूपणा लपत नाही. जून बिया आणि मगज काढा, पण किसाला सुटलेलं पाणी पिळून फेकू नका. ही चूक फार होते. रव्याला फुलायला तेच पाणी लागतं, आणि तवशाचा खरा वासही त्याच पाण्यात असतो. ते फेकून त्याजागी दूध घातलं की उरतो तो नुसता गोड रवा.

दुसरी चूक म्हणजे सगळं कच्चंच कालवून टिनमध्ये ओतणं. रवा शिजण्याआधीच वरची बाजू लाल होते आणि तळाशी चिकट थर बसतो. तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजा. 1 वाटी रव्याला पाण्यासकट 2 वाट्या किस, पाऊण ते 1 वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर सैलसर शिऱ्याइतपत शिजवून घ्या. कोरडं वाटलं तर नारळाचा दुसरा रस घाला. मग हळदीच्या पानाचा मधला जाड दांडा काढून ते पान टिनच्या तळाशी अंथरा, तूप लावा, वर मिश्रण थापा आणि 180 अंशांवर 40 ते 45 मिनिटं भाजा.

आणि कृपा करून यात बेकिंग पावडर घालू नका. धोंडस घट्ट, दाणेदार आणि ओलसरच असायला हवं. फुगवायला गेलात तर वड्या पडत नाहीत, नुसता चुरा होतो. गरम असताना सुरी लावू नका. पूर्ण गार झालं की कापा. दुसऱ्या दिवशी चव आणखी मुरते.

कोकमाचा लाल रंग कुठे गेला?

सोड्यात गेला. कोकमाचा लाल रंग आंबटपणावर टिकतो. खायचा सोडा पडला की तो जांभळट होतो, मग निळसर-राखाडी. खात्री करायची असेल तर चमचाभर कोकमाच्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकून बघा. आधी फसफस होते आणि डोळ्यांदेखत लाली उतरते. जांभूळ आणि करवंदाचंही तेच. म्हणून ही फळं पिठात कालवण्याचा हट्ट सोडा. साधा नारळाचा केक भाजा, तो गार झाला की पिठीसाखरेत थोडं कोकम सरबताचं सिरप घोटून वरून ओता. रंग झळझळीत राहतो आणि आंबट-गोड चव थेट जिभेवर येते.

सिरप म्हणजे साखरेतलं. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, नव्हे. आगळात मीठ भरपूर असतं, सोलकढीसाठी ते ठीक आहे, पण केकवर ओतलं तर केक वाया गेला समजा. बाटली उघडून आधी थेंबभर चाखा.

फणस

केकला बरका, म्हणजे मऊ रसाळ गऱ्यांचा फणस घ्या. कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांचा फणस, मिक्सरमध्ये नीट वाटला जात नाही, तुकडे राहतात आणि भाजल्यावर दाताखाली चिवट लागतात. बरक्या गऱ्यांचा रस चाळणीवर घासून घ्या म्हणजे धागे वर राहतील. प्रत्येक फणसाची गोडी वेगळी, त्यामुळे साखर पाककृतीतल्या मापाने आधीच ओतू नका. रस चाखा, मग ठरवा. रसातली साखर लवकर लाल होते, म्हणून ओव्हन 160 ते 170 अंशांवर ठेवा आणि वरून रंग आला की फॉइल झाका.

काजूबद्दल एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. टरफलासकट काजू बिया घरच्या ओव्हनमध्ये भाजायला कधीही ठेवू नका. टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं आणि त्याचा धूर डोळ्यांना, छातीला बाधतो. सोललेलेच गर वापरा.

नाचणीचा भुगा

नाचणीत ग्लुटेन नाही, त्यामुळे पीठ एकमेकांना धरून ठेवणारं काही नसतं. पहिल्यांदा करत असाल तर निम्मी नाचणी, निम्मी कणीक घ्या. नुसत्या नाचणीचाच हवा असेल तर अंडी, किंवा दह्याबरोबर कुस्करलेलं पिकलं केळं घालावंच लागतं. नाचणीचं पीठ आधी हलकं भाजा, कच्चट वास जातो. ओलं साहित्य घालून 20 मिनिटं मुरू द्या आणि बेकिंग पावडर अगदी शेवटी मिसळा. आधी घातलीत तर तिचा जोर भांड्यातच संपतो. रंगावरून भाजल्याचा अंदाज घेऊ नका, नाचणी कच्चीही तपकिरीच दिसते. मधोमध बारीक सुरी घालून ती कोरडी निघते का ते बघा.

पावसाळ्यातला त्रास

जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवाच ओली. उघड्या पाकिटातली बेकिंग पावडर दमट होऊन निकामी होते. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली नाही तर नवी आणा आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा. नानकटाई मऊ पडली तर 150 अंशांवर पाचेक मिनिटं तापवून गार करा, पुन्हा खुसखुशीत होते. ओल्या खोबऱ्याचे पदार्थ या दिवसांत एका दिवसापलीकडे बाहेर ठेवू नका.

विजेचा दाब कमी असेल तर ओव्हन हळू तापतो, म्हणून घड्याळापेक्षा सुरीवर विश्वास ठेवा. केक आत असताना वीज गेलीच तर दार उघडून बघायचा मोह आवरा. आतली ऊब काही वेळ टिकते. लवकर येण्याची चिन्हं नसतील तर जाड कढईत मिठाचा थर पसरून झाकण ठेवा, 10 मिनिटं गॅसवर तापवा आणि टिन त्यात तिवईवर ठेवून मंद आचेवर भाजणं पुरं करा.