सारख्याच दोन रंधा मशिनी, जागा मात्र एकीला: कोणती ठेवायची?

नाशिकच्या पंचवटीतला आमचा गाळा दहा बाय अठराचा. गेल्या पावसाळ्यात त्यात दोन रंधा मशिनी एकमेकींना खेटून उभ्या होत्या. एक वडिलांच्या वेळची, दुसरी अंबडचं एक वर्कशॉप बंद होताना स्वस्तात उचललेली. दोन्ही १२ इंची, दोन्ही बिडाच्या, दोघींचा रंगही तोच हिरवा. लांब फळी उलटी करायची तर दाराबाहेर जावं लागे. धाकटा म्हणाला, "दादा, जड असेल ती ठेवू." आमच्या धंद्यात बरेच जण असंच ठरवतात. पण वजनावरून मशिनीचा अंदाज येतो, निकाल लागत नाही.

आधी दोघींना एका पातळीवर आणा

दोन्ही मशिनींची पाती एकाच ठिकाणी, एकाच वेळी धार लावून घ्या. बोथट पात्यांची चांगली मशीन आणि ताज्या धारेची टुकार मशीन यांची तुलना म्हणजे उपाशी पैलवानाची कुस्ती जेवून आलेल्याशी लावणं. पात्यांना हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचाच, शिवाय फ्यूज काढून खिशात ठेवायचा. आमच्याकडे नियम असा की फ्यूज ज्याच्या खिशात, त्यानेच मशिनीत हात घालायचा.

सिलिंडर गोल की चौकोनी?

सिलिंडर म्हणजे दोन टेबलांच्या मधे फिरणारा, पाती बसवलेला दांडा. जुन्या मशिनीत कधीकधी त्याजागी चौकोनी ब्लॉक निघतो. तसा निघाला तर पुढची तपासणी करूच नका, ती मशीन हाताने फळी सरकवायच्या कामाची नाही. चौकोनी ब्लॉक फिरताना टेबलाच्या ओठापाशी, म्हणजे पात्यांकडच्या कडेपाशी, मोठी फट उघडते आणि बोट आत ओढलं जातं. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मध्येही अशा कामाला गोल सिलिंडरच सांगितला आहे.

आमच्या दोन्ही गोल होत्या. फरक पात्यांचा: वडिलांच्या मशिनीला दोन, अंबडवालीला तीन. मोटर १४४० आरपीएमची, तिच्यावर ६ इंची पुली आणि सिलिंडरवर २ इंची, म्हणजे सिलिंडर साधारण ४३२० फेरे घेतो. मिनिटाला ६ मीटर वेगाने फळी सरकवली तर दोन पात्यांत दर ०.७ मिलिमीटरला एक काप पडतो, तीन पात्यांत दर ०.४६ ला. काप जितके जवळ, तितकी फळी गुळगुळीत; म्हणजे कागदावर तीन पाती जिंकली. पण तिन्ही एका उंचीला बसली तरच. एक जरी केसभर वर राहिलं तर शेवटची खूण तेवढंच उमटवतं आणि बाकीची दोन नुसती शोभेला.

शिवाय आमच्याकडे येणारं लाकूड बघा. जुन्या नाशकातले वाडे उतरतात, त्यांच्या तुळया आणि खांब आमच्यासारख्यांकडे येतात. सागवान सोन्यासारखं, पण आत घडीव खिळे. चुंबक फिरवूनही एखादा सुटतोच आणि पात्याला खाच पडते. म्हणून पाती बदलायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. वडिलांच्या मशिनीला मला पंचवीस मिनिटं लागली, अंबडवालीला सव्वा तास.

टेबल: इथे घाई नको

चार फुटी सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पातींचा जुडगा) घ्या. पुढचं टेबल मागच्याच्या पातळीला आणा, पट्टी दोन्हींवर लांबीने ठेवा आणि खाली ०.१ मिलिमीटरची पात कुठे शिरते ते बघा. मग दोन्ही टेबलांवर एकेक सरळ रिप आडवी ठेवून एका टोकाकडून डोळा लावा. रिपांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर टेबलात पीळ आहे.

खरी परीक्षा लाकडावर होते. चार फुटी सागाच्या दोन फळ्यांची कड मशिनीवर रंधून घ्या, एकीवर दुसरी उभी ठेवा आणि दाराच्या उजेडासमोर धरा. मधून उजेड आला तर टेबलांची बाहेरची टोकं खाली झुकलेली आहेत. वरची फळी मधल्या भागावर भिंगरीसारखी फिरली तर टोकं वर आहेत. दोन कडा समोरासमोर आल्यामुळे चूक दुप्पट दिसते, त्यामुळे डोळ्याला लगेच कळते.

अंबडवालीच्या फळ्यांमधून चक्क पोस्टकार्ड जात होतं. धाकटा खूश झाला, म्हणजे वडिलांचीच राहणार! पण गिब पट्टीचे, म्हणजे टेबलाला सरकत्या खाचांत घट्ट धरणाऱ्या पट्टीचे, स्क्रू आवळल्यावर झुकाव जवळजवळ गेला. टेबल झिजलेलं नव्हतं, सैल होतं. सरकत्या खाचाच झिजल्या असत्या तर ग्राइंडिंगचा खर्च आधी विचारून मगच पुढे विचार केला असता.

आवाज

बेल्ट काढा, सिलिंडर हाताने फिरवा, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाला लावा. वडिलांच्या मशिनीत खरखर होती. त्याने मत बनवू नका. बेअरिंग, बेल्ट, स्विच, रंग, पाती या सगळ्या बाजारात मिळणाऱ्या वस्तू आहेत. मोटर थ्री फेज असली आणि गाळ्यात सिंगल फेज, तर मोटरही बदलता येते.

बदलता येत नाही ते बीड. म्हणून शेवटी तडा शोधा. टेबलाचा ओठ, पाय, खाचांच्या कडा रॉकेलने पुसा, कोरड्या फडक्याने टिपा आणि वरून खडू घासा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल पाचदहा मिनिटांत खडूवर काळसर रेघ होऊन वर येतं. वडिलांच्या मशिनीच्या मागच्या टेबलाच्या ओठावर, उजव्या टोकाला, दीड इंचाची रेघ आली. मी पुसून पुन्हा खडू मारला. पुन्हा आली.

ओठाचा तुकडा फिरत्या सिलिंडरवर पडला तर काय होईल याची कल्पना करायला सुतार असण्याची गरज नाही. पाती पटकन बदलतात, टेबल सरळ आहे, घरची आहे, हे सगळं त्या रेघेपुढे फिकं पडलं.

जाणारीचं काय

तडा असलेली मशीन चालू स्थितीत म्हणून विकू नका. आम्ही मोटर आणि पुल्या काढून ठेवल्या आणि बीड भंगारात दिलं. राहिलेल्या मशिनीच्या टेबलाला पावसाळ्यात मेण घासा, तेल नको. तेलाचे डाग फळीवर येतात आणि पॉलिश धरत नाही.

वडिलांच्या मशिनीचं गाईडही, म्हणजे फळी टेकवून सरकवायची उभी पट्टी, काढून घेतलं. अंबडवालीवर बसवायला दोन नवी भोकं पाडावी लागली. काटकोनाला वडिलांनी पटाशीने मारलेली खूण त्यावर आहे. गुण्या लावून बघितला, अजून बरोबर आहे.