कंपनीत युनियन काढायचीय? मग आधी हे वाचा (गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, पिसुर्ले, सगळ्या इंडस्ट्रियल इस्टेटींसाठी)

युनियन आता कशाला पाहिजे, हा प्रश्न वेर्ण्याच्या कंपनी बसमधे पण ऐकू येतो आणि डिचोलीत चवथीला घरी आलेले पाहुणे पण तोच विचारतात. एचआर आहे, पगार बँकेत पडतो, पीएफ मोबाईलवर दिसतो, मग महिन्याला वर्गणी भरून काय मिळणार? माझं उत्तर सरळ आहे, पाहिजे, आणि आधीपेक्षा जास्त पाहिजे. कारण 21 नोव्हेंबर 2025 पासून चार लेबर कोड (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे) लागू झालेत. आधी 100 किंवा त्याच्यावर कामगार असलेल्या फॅक्टरीला ले-ऑफ (तात्पुरतं घरी बसवणं), कामगार कपात, क्लोजर (कंपनी बंद करणं) काहीही करायचं तर सरकारची परवानगी लागायची, आता तो आकडा 300 झालाय. स्टँडिंग ऑर्डर्सची (कंपनीतल्या कामाच्या आणि शिस्तीच्या लेखी नियमांची) सक्ती पण 300 पासूनच. आता आपल्या थिवी, बेतोडा, कुंडई, पिसुर्ल्याच्या इस्टेटीत एक चक्कर मारा आणि सांगा, पन्नास-शंभर-दीडशे माणसांचीच युनिटं जास्त दिसतात की नाही. तिथे उद्या वीस जणांना घरी बसवलं तर नोटीस आणि भरपाई द्यावी लागेल, ती कायद्यात आहेच, पण "थांबा, आधी बोलूया" म्हणणारं कोणी नाही. ते म्हणायला युनियन लागते आणि ती वीस जणांची लिस्ट लागल्यावर काढून उपयोग नसतो, सगळं शांत असतं तेव्हाच काढायची असते.

पहिलं काम म्हणजे आपण कायद्याने कामगार आहोत का ते बघा. फार्मा म्हणजे औषधांच्या कंपन्यांत तर ही मोठीच गोष्ट आहे, कारण तिथे मशीन चालवणाऱ्या पोराला पण "ऑफिसर" नाहीतर "एक्झिक्युटिव्ह" असं पद देऊन ठेवतात आणि त्या बिचाऱ्याला वाटतं की आपण मॅनेजमेंटमधे, आपल्याला युनियन कुठली. पद बघायचं नाही, काम बघायचं. तुमच्या हाताखाली खरंच माणसं आहेत का, रजा मंजूर करता का, कुणाला मेमो द्यायचा अधिकार आहे का? हे काहीच नसेल आणि तुम्ही आठ तास टॅब्लेट कॉम्प्रेशनवर (गोळ्या बनवायच्या मशीनवर) उभे असाल तर लेटरवर काहीही लिहिलेलं असो, तुम्ही कामगारच. खरोखर सुपरवायझरचं काम आणि पगार 18,000 च्या वर असेल तर मात्र बाहेर, आणि मॅनेजर लोक तर बाहेरच. म्हणून रोज काय काम करता ते एका वहीत तारखेसकट लिहून ठेवायची सवय लावा, उद्या वाद झाला तर हीच वही कामाला येते.

मग पगाराची स्लिप काढा. सगळ्यांनी आपापली काढा आणि तीन-चार जणांनी मिळून शेजारी शेजारी ठेवून बघा, खरं सांगतो, लोक जागे होतात ते इथे. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) एकूण पगाराच्या निम्मं तरी आहे का बघा, नव्या कोडमधे बाकीचे भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा असतो, आणि त्यावर पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं अवलंबून. ओव्हरटाइम डबल रेटने लागलाय का? पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत येतो का? अपॉइंटमेंट लेटर आहे का हातात? फिक्स्ड टर्मवाल्यांनी (ठरावीक मुदतीच्या करारावर लागलेल्यांनी) तर नीट वाचा, एक वर्ष भरलं की तुम्हाला पण ग्रॅच्युइटी आहे, पाच वर्षं थांबायची गरज नाही, आणि हे कितीतरी जणांना कोणी सांगितलेलंच नसतं.

एका पॅकिंग लाइनचं सांगतो. ब्लिस्टर मशीनवर दोघी जणी समोरासमोर, एक साखळी गावची, परमनंट, दुसरी काँट्रॅक्टरच्या मस्टरवरची (हजेरीपटावरची). टोपी तीच, गाऊन तोच, टार्गेट तेच, शिफ्ट संपल्यावर पाय दोघींचे सारखेच दुखतात. पहिलीला कँटीनचं जेवण कंपनीच्या दरात आणि चवथीच्या आधी बोनस, दुसरी घरून डबा आणते आणि बोनसचं काय विचारलं तर काँट्रॅक्टर म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते काँट्रॅक्टरला विचारा. आता युनियन काढताना आपले लोक पहिली चूक करतात ती इथेच, फक्त पहिलीला धरतात. काँट्रॅक्टवाले बहुतेक बाहेरच्या राज्यातले, भाषा वेगळी, राहायला वेगळीकडे, म्हणून सोडून देतात. माझं ठाम मत आहे की त्यांना पहिल्या दिवसापासून धरा. त्यांच्याशी हिंदीत बोला, कन्नड येणारा कोणी असेल तर त्याला पुढे करा. निम्मी लाइन तुमच्यात नसेल तर मॅनेजमेंटला तुमच्याशी बोलायची गरजच काय?

बोलणं कुठे करायचं? कंपनीच्या आवारात नको, कामाच्या वेळेत तर अजिबात नको. देवळाचा मंडप, कुणाचं तरी अंगण, सुट्टीच्या दिवशी. व्हॉट्सअॅप ग्रुप शेवटी काढा, सुरुवातीला नकोच, कारण स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत एचआरच्या टेबलावर असतो. आधी प्रत्येक सेक्शनमधला एक माणूस शोधा ज्याचं लोक ऐकतात. तो जोरात बोलणारा असेलच असं नाही, उलट बऱ्याचदा तो गप्प असतो, पण मशीन अडली की सगळे त्यालाच हाक मारतात. स्टोअर, मेंटेनन्स, क्यूसी, हाउसकीपिंग, एकही सेक्शन सोडू नका, आणि बायकांना "नंतर सांगू" असं म्हणू नका, रात्रपाळीची बस, टॉयलेट, पाळणाघर हे प्रश्न त्याच नीट मांडतात.

रजिस्ट्रेशनसाठी अर्ज करायला निदान 7 जण लागतात आणि अर्जाच्या दिवशी एकूण कामगारांपैकी 10 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल तेवढे मेंबर लागतात. युनियनचे नियम लिहायचे, जनरल बॉडीत ठराव करून पास करायचे, मेंबरांची नावं-पत्ते-काम, पदाधिकाऱ्यांची यादी, हे सगळं जोडायचं. नियमांत वर्गणी किती, निवडणूक कधी, हिशेब कोण तपासणार, मेंबरला रजिस्टर बघायला मिळणार का, हे स्पष्ट पाहिजे. पणजीला पाटोला श्रमशक्ती भवन आहे, लेबर कमिशनरचं ऑफिस तिथेच, काही अडलं तर सरळ तिथे जाऊन विचारा.

बाहेरचा नेता घ्यायचा की नाही यावरून खूप भांडणं होतात. आयटक असो, भारतीय मजदूर संघ असो, सीटू असो, या मोठ्या कामगार संघटनांतल्या अनुभवी माणसाची मदत घ्या, कन्सिलिएशनमधे (लेबर ऑफिसच्या मध्यस्थीने होणाऱ्या बोलणीत) काय बोलायचं आणि काय नाही ते त्यांना माहीत असतं. पण चावी आपल्याकडे ठेवा. पदाधिकाऱ्यांमधे बाहेरचे जास्तीत जास्त एक तृतीयांश किंवा पाच, यातलं कमी ते, असं कायदाच सांगतो. युनियनवर लोकांचा विश्वास उडाला तो फुकट नाही उडाला, नेत्याने परस्पर सेटलमेंट केली, पैशाचा हिशेब दिला नाही, हे घडलेलं आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. त्याला उपाय म्हणजे दोन कामगारांच्या सहीशिवाय बँकेतून पैसे निघणार नाहीत, वर्षाचा हिशेब बोर्डावर लागेल आणि सेटलमेंट सही होण्याआधी सभेत वाचली जाईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मेंबरशिपचं रजिस्टर. नव्या कोडप्रमाणे एका कंपनीत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर मस्टरवरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा ज्याला, तीच वाटाघाटी करणार. कोणालाच 51 नसतील तर वाटाघाटीसाठी युनियनांचं कौन्सिल बनतं आणि त्यात बसायला निदान 20 टक्के लागतात. मॅनेजमेंटच्या मर्जीतली दुसरी युनियन उभी राहिली तर मोजणी होणार हे धरूनच चाला. म्हणून प्रत्येकाला छापील पावती द्या, प्रत्येकाची सही घ्या, तोंडी "मी तुमच्याबरोबर" चालत नाही. पाच-दहा रुपये का होईना दर महिन्याला स्वतः जाऊन गोळा करा, त्यानिमित्ताने माणूस भेटतो, त्याचं रडगाणं कळतं, कोण घाबरलाय ते कळतं. काँट्रॅक्टवाल्यांची नावं या मस्टरवर नसतात हे लक्षात ठेवा, त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवा आणि त्यांच्या मागण्या त्याच पत्रात घाला.

मागण्यांचं पत्र लहान ठेवा. चाळीस मागण्या लिहिल्या की मॅनेजमेंट त्यातल्या बिनमहत्त्वाच्या पंधरा मान्य करून फोटो काढते. सहा-सात ठेवा, प्रत्येकीच्या मागे आकडा, पोच घ्या. उत्तर नाही आलं की लेबर कमिशनरकडे जा, कन्सिलिएशन सुरू होतं आणि ते चालू असताना वादाशी संबंधित सेवाशर्ती कामगारांचं नुकसान होईल अशा बदलता येत नाहीत. नाही मिटलं तर कन्सिलिएशनचा रिपोर्ट हातात आल्यावर 90 दिवसांत ट्रिब्युनलला (कामगार वादांच्या न्यायालयाला) थेट अर्ज करता येतो, आधीसारखी सरकारने केस पाठवायची वाट बघायला नको. हे 90 दिवस भिंतीवर लिहून ठेवा.

संपाबद्दल भावनेच्या भरात काही करू नका, हात जोडून सांगतो. आता प्रत्येक कंपनीत नोटीस देऊन 14 दिवस थांबावं लागतं आणि कन्सिलिएशन चालू असताना, वर ते संपल्यावर 7 दिवस, संप करता येत नाही. निम्म्या किंवा जास्त लोकांनी एकाच दिवशी कॅज्युअल रजा टाकली तर तो पण संपच धरतात. बेकायदेशीर ठरला तर कामगाराला 1,000 ते 10,000 दंड किंवा महिनाभर कैद, भडकवणाऱ्याला 10,000 ते 50,000. मुंबईचा गिरणी संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, मागणी खरी होती तरी कितीतरी घरं कायमची बसली. संपाआधी काळ्या फिती, गेटवरची सभा शिफ्ट सुटल्यावर, तालुक्यातल्या आमदाराला निवेदन, हे सगळं करून बघा.

मेंबर झाला म्हणून कोणाची बदली केली, धमकी दिली, तर ती अनफेअर लेबर प्रॅक्टिस (कायद्याने मना असलेली वागणूक) आहे. त्याच दिवशी लेखी तक्रार, तारीख-वेळ-साक्षीदार लिहून. कामावरून काढलेल्याने कन्सिलिएशनला अर्ज केल्यावर 45 दिवसांत नाही मिटलं तर तो स्वतः ट्रिब्युनलला जाऊ शकतो, पण काढल्यापासून 2 वर्षांच्या आत. त्याला एकटं सोडू नका, तारखेला निदान दोघांनी सोबत जा आणि घरी किराणा आहे का तेही विचारा.

आणि सेटलमेंट झाली की सही करायच्या आधी शेवटचं पान वाचा, लागू कोणाला ते तिथे असतं. ट्रेनी, फिक्स्ड टर्म, करार झाल्यानंतर लागलेले, हे तिघं तिथे आहेत का बघा, नसतील तर पेन खाली ठेवा आणि परत बोलायला बसा.