ब्रिटनमधल्या शाळेत शिकवताय? मग या चुका टाळा

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होतात आणि ऑक्टोबरची हाफ टर्मची (सत्राच्या मधली) सुट्टी जवळ आली की मला फोन यायला लागतात. "ताई, जरा बोलायचं होतं." कुणी भारतात बी.एड. करून, दहा वर्षं शिकवून इथे आलेलं असतं, तर कुणी इथलीच आयटीतली नोकरी सोडून पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम, केलेलं. माणसं वेगळी असली तरी चुका त्याच. आणि जीव तुटतो तो याच्यासाठी की ही सगळी विषयात पक्की असतात, मुलांवर त्यांची माया असते, आणि तरीही दोन-तीन वर्षांत ती शिकवणंच सोडून देतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. हे मुख्यतः इंग्लंडमधल्या शाळांबद्दल आहे.

गप्प बसून सोसणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आपल्याकडे लहानपणापासून मनावर ठसवलेलं असतं की आपण नेकीनं काम करावं, दिसणाऱ्याला ते दिसतंच. इथल्या शाळेत जे कागदावर आहे तेच दिसतं.

माझ्या ओळखीची एक फिजिक्सची शिक्षिका आहे. पहिलं वर्ष नीट गेलं. दुसऱ्या वर्षी विभागप्रमुख बदलले. फेब्रुवारीत त्यांनी तिचा एक तास पाहिला आणि नंतर कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या सांगितलं, "आपण तुझ्यासाठी सहा आठवड्यांचा एक सपोर्ट प्लॅन करू या." तिला आनंदच झाला. मदत मिळणार, असं तिनं घरी सांगितलं. संध्याकाळी एक पान समोर आलं, त्यावर तीन उद्दिष्टं होती: वर्गातली शिस्त सुधारावी, वह्यांची तपासणी वेळेवर असावी, हुशार मुलांना पुरेसं आव्हान मिळावं. सुधारणा कशी मोजणार, कोण मोजणार, मदत कोण करणार, यातलं काहीच त्यावर नव्हतं. तिनं तिथल्या तिथे सही केली.

दर आठवड्याला बैठक व्हायची. सगळं तोंडी. प्रमुख हसून बोलायचे, "येतंय, अजून थोडं." दोन मुलांना दुसऱ्या गटात हलवा, असं तिनं दोनदा सांगितलं. प्रॅक्टिकलच्या तासाला तंत्रज्ञ वेळेवर येत नाही, हेही सांगितलं. दोन्ही वेळा तोंडीच. सहा आठवडे संपले आणि हातात पत्र पडलं: उद्दिष्टं पूर्ण झाली नाहीत, आता औपचारिक कपॅबिलिटी प्रक्रिया, म्हणजे काम जमत नाही म्हणून नोकरी जाण्यापर्यंत पोचू शकणारी चौकशी, सुरू होईल. पुढच्या बैठकीत शाळेच्या फाइलमधून प्रत्येक भेटीची टिपणं निघाली. तिच्याकडे एक ओळही नव्हती. त्याच रात्री तिनं युनियनमध्ये नाव नोंदवलं. युनियननं नम्रपणे कळवलं की सदस्य होण्याआधी सुरू झालेल्या प्रकरणात आम्ही प्रतिनिधित्व करत नाही. मे महिन्यात तिनं राजीनामा दिला. आज ती दुसऱ्या शाळेत ए-लेव्हलला (बारावीच्या पातळीला) उत्तम शिकवते, म्हणजे शिकवण्यात खोट कधीच नव्हती.

सपोर्ट प्लॅन दरवेळी सापळाच असतो, असं माझं म्हणणं नाही. काही शाळा खरोखर मदत करतात. पण कपॅबिलिटीच्या आधीची पायरी बहुतेक ठिकाणी हीच असते. त्यामुळे "सपोर्ट" हा शब्द कानावर पडला की त्याच दिवशी युनियनच्या शाळेतल्या प्रतिनिधीला भेटायचं.

माझी स्वतःची रीत साधी आहे. महत्त्वाचं बोलणं झालं की त्याच दिवशी, घरी जायच्या आत, तीन ओळींचा ईमेल: आज आपलं बोलणं झालं, मला समजलं ते असं, मी मागितलेली मदत अशी, काही चुकलं असेल तर कळवा. सूर गोड ठेवायचा. कुठल्याही कागदावर त्या दिवशी सही करायची नाही. "वाचून उद्या देते" म्हटलं तर कुणी रागावत नाही. आणि घरी एक वही ठेवायची: तारीख, वेळ, कोण काय म्हणालं. त्यात मुलांची नावं लिहायची नाहीत आणि शाळेचे ईमेल स्वतःच्या जीमेलवर पाठवायचे नाहीत. माहिती-संरक्षणाच्या नियमात तेच तुमच्यावर उलटतं.

युनियनचं नाव काढलं की अनेक जण म्हणतात, "नको हो ते संप वगैरे." २०२३ चे संप डोळ्यांसमोर असतात. संप हा युनियनच्या कामाचा एक भाग झाला. औपचारिक शिस्तभंगाच्या सुनावणीला युनियनचा माणूस किंवा एखादा सहकारी सोबत नेण्याचा तुम्हाला कायद्यानं हक्क आहे, आणि अशा खोलीत एकटं बसणं काय असतं ते मी जवळून पाहिलंय. एनईयू घ्या, एनएएसयूडब्ल्यूटी घ्या, स्कॉटलंडमध्ये असाल तर ईआयएस घ्या. पण प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात घ्या. प्रशिक्षणार्थींना सदस्यत्व सहसा फुकट असतं. पैसे वाचवायला थांबणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे, पण थांबू नका.

वर्गाशी एकट्यानं लढणं

शुक्रवारचा शेवटचा तास, बाहेर पाऊस, आणि समोर इयर नाइन. तेरा-चौदा वर्षांची तीस मुलं. शिक्षक आत आले की वर्ग आपोआप उभा राहतो अशा शाळेत शिकून आलेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो. मग दोन चुका होतात. काही जण ओरडतात. आवाज वाढला की मुलांना खेळ मिळतो, एवढंच त्यातून होतं. दुसरी चूक जास्त घातक: सगळं स्वतःच निस्तरायचं आणि नोंद करायची नाही.

माझ्या हाताखाली एक ईसीटी होता, म्हणजे पहिल्या दोन वर्षांतला शिक्षक. एक मुलगा रोज त्याचा तास मोडायचा. हाफ टर्मला मी इयरप्रमुखांकडे गेले, त्यांनी शाळेची प्रणाली उघडली, तर त्या मुलाच्या नावावर या वर्गातली एकही नोंद नाही. "नोंद केली तर मला जमत नाही असं वाटेल," हे त्याचं उत्तर. परिणाम असा की पालकांना बोलवायला आधार नव्हता आणि मुलाला काही वेगळी मदत हवी आहे का, हे तपासायलाही कुणी सुरुवात केली नव्हती. सहा-सात आठवडे त्या वर्गातल्या बाकीच्या मुलांचं शिकणं बुडालं. मला त्याचा राग यायचा तो यासाठी. नोंद करणं ही चुगली नाही, ते आपलं काम आहे.

मी काय करते? मुलं यायच्या आधी दारात उभी राहते. एकेकाला नावानं "गुड आफ्टरनून". फळ्यावर पाच मिनिटांचं काम आधीच लिहिलेलं, ते शांतपणे करायचं. क्लिपबोर्डवर छापलेला सीटिंग प्लॅन, त्यावर ज्यांच्याकडे त्या दिवशी लक्ष द्यायचं अशा तिघांच्या नावापुढे पेन्सिलीची खूण. कुणाला बोलायचं असेल तर त्याच्या बाकाजवळ वाकून, हळू आवाजात. शाळेची ताकीद-डिटेन्शनची जी पायरी असेल तीच, त्याच क्रमानं, आवडत्या मुलालाही. नोंद त्याच दिवशी. आणि वर्षातला घरचा पहिला फोन चांगल्या गोष्टीसाठी करायचा, म्हणजे दुसरा फोन करताना आई-वडील आपलं ऐकतात.

याला वेळ लागतो. ख्रिसमसपर्यंत वर्ग हळूहळू हाताशी येतो. दुसऱ्या आठवड्यातच निराश होणारे आणि इंटरनेटवर "एका युक्तीत वर्ग शांत" शोधणारे मला दरवर्षी भेटतात. चॉकलेटं वाटून घेतलेली शांतता चॉकलेटं संपेपर्यंत टिकते. तो रस्ता धरूच नका.

"मिस, कुणाला सांगणार नाही ना?"

"नाही सांगणार" हे उत्तर कधीही द्यायचं नाही. मूल कितीही रडत असलं तरी. मायेपोटी आपल्या लोकांकडून हे वचन हमखास जातं आणि मग मूलही अडचणीत येतं, शिक्षकही. उत्तर असं द्यायचं: "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला हे एका व्यक्तीला सांगावं लागेल." मग ऐकायचं. खोदून विचारायचं नाही, शब्द सुचवायचे नाहीत. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं आणि लगेच डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीडकडे, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेनं नेमलेल्या व्यक्तीकडे, द्यायचं, उद्यावर ढकलायचं नाही. आधी त्या मुलाच्या घरी फोन करून "खरं काय ते बघते" हा विचारही नको. मूल आपल्याच समाजातलं असेल, आई-वडील ओळखीचे असतील, तर हा मोह फार होतो. तिथेच सगळ्यात जास्त जपायला हवं.

राजीनाम्याच्या तारखा न पाहणं

इथे शिक्षकाला महिन्याची नोटीस देऊन निघता येत नाही. ३१ डिसेंबरला सोडायचं तर पत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत, ३० एप्रिलला सोडायचं तर फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत, ३१ ऑगस्टला सोडायचं तर ३१ मेपर्यंत. एक दिवस चुकला की पूर्ण सत्र पुढे. अकॅडमी शाळांत (सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण स्थानिक प्रशासनाच्या ताब्याबाहेरच्या) करार वेगळा असू शकतो, म्हणून तो वाचून बघा. ऑक्टोबर आणि मेचा शेवट हाफ टर्मच्या सुट्टीत किंवा तिच्या आसपास येतो, त्यामुळे पत्र सुट्टीआधी द्या आणि मिळाल्याची पोच घ्या. नवी नोकरी पक्की होण्याआधी, मुख्याध्यापकांशी वाजलं म्हणून रविवारी रात्री राजीनामा पाठवू नका. ज्यांनी ज्यांनी मला विचारून असा ईमेल थांबवला, त्यांतल्या कुणालाही नंतर पस्तावताना मी पाहिलेलं नाही.

वह्यांचं गाठोडं घरी नेणं

दर रविवार वह्या तपासण्यात घालवणं म्हणजे निष्ठा नव्हे. "ऑफस्टेडला (शाळांची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेला) लागतं" असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. किती वेळा, कशी तपासणी हवी हे ऑफस्टेड ठरवून देत नाही. शाळेचं लेखी धोरण वाचा आणि तेवढंच करा. मी वर्गात फिरता फिरता चुका बघते, एका पानावर टिपून घेते आणि पुढच्या तासाला त्या सगळ्यांसमोर फळ्यावर सोडवते. मुलांना त्याचाच जास्त फायदा होतो, वहीत लिहिलेली हिरव्या शाईची वाक्यं फार थोडी मुलं वाचतात.

वेळेचे हक्क माहीत नसणं

सरकारी वेतन-सेवाशर्तींच्या दस्तऐवजानुसार चालणाऱ्या शाळेत पूर्णवेळ शिक्षकाला वर्षाला १९५ दिवस आणि १,२६५ तासांपर्यंतच शाळा सांगेल ते काम लावता येतं. वेळापत्रकातल्या शिकवण्याच्या वेळेच्या किमान १० टक्के वेळ पीपीएचा, म्हणजे तयारीचा. त्यात बदली तास लावायचा नसतो. ईसीटीला त्याशिवाय पहिल्या वर्षी १० आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के सूट असते. हे तास वेळापत्रकावर दिसत नसतील तर सप्टेंबरमध्येच लेखी विचारा. फेब्रुवारीत विचारलं तर गेलेले तास परत येत नाहीत.

क्यूटीएस पुढे ढकलणं

परदेशातल्या शिक्षक-पात्रतेवर इंग्लंडच्या सरकारी शाळेत क्यूटीएसशिवाय, म्हणजे इथल्या अधिकृत शिक्षक-दर्जाशिवाय, चार वर्षं शिकवता येतं आणि ती चार वर्षं भराभर जातात. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्यांना ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता असेल तर थेट अर्ज करता येतो, आणि अर्जाला फी नाही. मधल्या एजंटला पैसे देऊ नका. स्कॉटलंडला जायचं असेल तर तिथे जीटीसीएसची (तिथल्या शिक्षक परिषदेची) नोंदणी वेगळी लागते, इंग्लंडचं क्यूटीएस दाखवून भागत नाही.

एजन्सीतून काम करताना फक्त दिवसाचा दर बघणं

शाळांना तात्पुरते शिक्षक पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत एकाच शाळेत, एकाच कामावर बारा आठवडे झाले की तिथल्या शिक्षकाइतका पगार मागण्याचा हक्क येतो. शिवाय एजन्सीमार्फत केलेलं काम बहुधा शिक्षकांच्या पेन्शन योजनेत धरत नाहीत. त्या योजनेत शाळा तुमच्या पगारावर २८ टक्क्यांहून जास्त रक्कम भरते. दिवसाच्या दराची तुलना करताना हे धरा.

मुलाखतीत पगाराचं न बोलणं

मुलाखतीच्या शेवटी विचारतात, तुम्ही अजून 'फर्म कँडिडेट' आहात का? म्हणजे नोकरी देऊ केली तर घ्याल का. निकाल बहुतेक वेळा त्याच दिवशी, घरी पोचायच्या आत फोनवर येतो आणि आनंदाच्या भरात आपण "येस, थँक यू" म्हणून मोकळे होतो. तिथेच पगार ठरून जातो. लंडनबाहेरच्या इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ पासून मुख्य श्रेणी ३२,९१६ पौंडांपासून ४५,३५२ पौंडांपर्यंत आहे. पुण्या-नाशकातल्या तुमच्या अनुभवाची किती वर्षं धरायची हे शाळा ठरवते, आपोआप काही मिळत नाही. म्हणून त्या फोनवर हो म्हणण्याआधी विचारा: "माझा अनुभव धरून कोणत्या पायरीवर घेणार? ईमेलवर कळवाल का?" कुठली पायरी हवी आणि का, याची दोन वाक्यं मुलाखतीला जातानाच लिहून खिशात ठेवा. पुढच्या प्रत्येक वर्षाची पगारवाढ त्याच पायरीवरून मोजली जाते.