काळ्या गाडीवरची जाळी: पॉलिश, पॅड आणि मशीन निवडताना

माझी अठ्ठावीस वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये गेली. त्यातली निम्म्याहून जास्त प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या पोलादी साच्यांना पॉलिश करण्यात. आधी 320 चा दगड, मग 400, मग 600, त्यानंतर डायमंड पेस्ट: 9 मायक्रॉन, 6, 3, शेवटी 1. प्रत्येक टप्प्याला हाताची दिशा नव्वद अंशांनी बदलायची, आणि मागच्या दगडाचे चरे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा दगड उचलायचा नाही. गाडीच्या पॉलिशचं ज्ञान मला तिथूनच आलं. फक्त एक गोष्ट गाडीवर बरोबर उलटी करावी लागते, आणि ती शिकायला मला एक फेंडर गमवावं लागलं.

गेल्या दिवाळीनंतर भाची तिची काळी बलेनो घेऊन आली. "मामा, सावलीत गाडी नवीन दिसते, उन्हात नेली की अंगावर कोळ्यानं जाळं विणल्यासारखं दिसतं. रबिंग मारून घेऊ का?" मी म्हटलं, "अगं थांब. आधी बघू काय आहे ते, आणि मारायचंच तर किती मारायचं ते ठरवू."

ही जाळी म्हणजे स्वर्ल मार्क. घासलेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरा, बल्बच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची गोल गोल वलयं दिसतील. ताट हलवा, वलयंही सरकतील. चरे गोल नसतातच, ते सगळ्या दिशांना असतात. त्यातले जे उजेडाला आडवे पडतात तेवढेच डोळ्यांत चमकतात, म्हणून गोल भासतात. गाडीवरही हेच. म्हणजे हे कुणी गोल गोल पुसल्यामुळे झालं असं नाही. धूळ असलेल्या गाडीवर कोरडं फडकं कुठल्याही दिशेनं फिरवलं तरी हेच होतं.

आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. जाळी असते ती या थरात. पत्र्यावरचा प्राइमर, रंग, क्लिअर असा सगळा मिळून थर बहुतेक नव्या गाड्यांवर 100 ते 130 मायक्रॉनच्या आसपास भरतो, काहींवर त्याहून कमी. त्यातलं क्लिअर साधारण 35 ते 50. आपल्या डोक्याचा केस याहून जाड असतो. पॉलिश केल्यानं चरा भरत नाही, चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं क्लिअर खाली आणलं जातं. गेलं ते परत येत नाही. साच्याला चार इंच पोलाद असतं, म्हणून तिथे खरखरीत दगडानं सुरुवात करून बारकाईकडे जायचं. गाडीवर सुरुवात बारीक पॉलिशनं करायची आणि गरज पडली तरच एक पायरी खरखरीत जायचं. हीच ती उलटी गोष्ट.

माझी पहिली गाडी रुपेरी होती. तिच्यावर मी टूलरूमच्या सवयीनं सगळ्यात कडक कंपाउंड, म्हणजे खरखरीत पॉलिश, आणि लोकरीचा पॅड रोटरी मशीनवर लावला. फेंडरवर जी उठलेली धार असते तिच्यावर मशीन जेमतेम काही सेकंद थांबलं असेल. क्लिअर गेलं, रंग गेला, प्राइमरचा करडा पट्टा उघडा पडला. धारेवर आणि कडांवर थर सर्वात पातळ असतो आणि मशीनचा सगळा भार तिथेच एकवटतो. तेव्हापासून पॉलिश सुरू करण्याआधी मी प्रत्येक धारेवर आणि पॅनेलच्या कडेवर मास्किंग टेप लावतो. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरही लावतो, कारण त्यांच्यात पांढरं पॉलिश शिरलं की काढता काढता नाकी नऊ येतात.

थर मोजण्याचं छोटं यंत्र मिळतं, पेंट थिकनेस गेज. पॉलिश नेहमी करणार असाल तर घ्या, एकदाच करणार असाल तर कुणाकडून तासाभरासाठी मागून आणा. बलेनोच्या बॉनेटवर 98 ते 106 आकडे आले. डाव्या मागच्या दारावर 240. भाची म्हणाली, "हो, तिथे रिक्षा घासली होती, विम्यातून रंगवलं." एवढा आकडा आला की समजावं, पॅनेल पुन्हा रंगवलेलं आहे. आकडा मोठा म्हणून तिथे क्लिअरही जाड असेल असं नाही, खाली पुट्टी किंवा जुना थर असू शकतो. बंपर प्लॅस्टिकचा, त्यावर हे साधं यंत्र आकडा दाखवत नाही, तिथे हात आपोआप हलका ठेवायचा.

आता मशीन. बाजारात सारखी दिसणारी तीन-चार यंत्रं असतात आणि चूक इथेच होते. हार्डवेअरच्या दुकानातल्या अँगल ग्राइंडरला फोमचा पॅड लावून पॉलिश करणारे मी पाहिले आहेत. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो, पॉलिशला 600 ते 2000 पुरतात. ते करू नका. लाकडाला पॉलिशपेपर मारायचा सँडरही नको. तो दिसतो पॉलिशच्या डीए मशीनसारखाच (त्याबद्दल पुढे), पण त्याचा झोल, म्हणजे पॅडचं फिरता फिरता बाजूला सरकणं, दोन-तीन मिलिमीटरचाच असतो.

रोटरी एकाच आसाभोवती फिरते. जोर भरपूर, काम झटपट, पण उष्णता एका जागी साठते. हात सरावलेला नसेल तर जाळी जाऊन तिच्या जागी लाटांसारखे पट्टे उमटतात, त्यांना होलोग्राम म्हणतात. भाचीच्या एका मैत्रिणीनं गाडी बाहेर देऊन पॉलिश करून घेतली होती. संध्याकाळी ताब्यात घेतली तेव्हा लखलखत होती, दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात टपापासून दारापर्यंत हेच पट्टे. घरी करणाऱ्यानं ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए मशीन घ्यावं. त्याचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी झोलही खातो, त्यामुळे एकच कण एकाच रेघेत घासत राहत नाही.

डीएवर 8, 15, 21 असे आकडे असतात, तो झोल मिलिमीटरमध्ये. मोठा झोल सपाट, मोठ्या पॅनेलवर भराभर काम करतो. रुपेस कंपनीची 15 आणि 21 ची मशीनं या प्रकारात नावाजलेली आहेत. पण वळणावर मोठ्या झोलाचा पॅड फिरायचा थांबतो आणि नुसता थरथरतो, मग काम होत नाही. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांची अंगं वळणावळणाची. मी 8 मिलिमीटरचं, पाच इंची प्लेटचं मशीन वापरतो आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला तेच सुचवतो. पॅडमागच्या प्लेटच्या कडेला काळ्या मार्करनं एक रेघ ओढून ठेवा. चालू असताना रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसेनाशी होऊन जागच्या जागी थरथरली, तर दाब जास्त झालाय किंवा मशीन तिरकं धरलंय.

बाटलीपेक्षा पॅड महत्त्वाचा, हे दुकानात कुणी सांगत नाही. तेच पॉलिश मऊ फोमवर लावलं तर चकाकी देतं, ताठ फोमवर लावलं तर चरे कापतं. मायक्रोफायबर पॅड त्याहून जास्त कापतो आणि मऊ रंगावर धुरकट छटा सोडू शकतो, ती मग बारीक पॉलिशनं काढावी लागते. रंगावर जाऊ नका. एका कंपनीचा केशरी पॅड मध्यम असतो, दुसरीचा केशरी कडक. हातात घेऊन दाबून बघा, अंगठा किती रुततो ते. पॅड एक घेऊन भागत नाही. अख्ख्या गाडीला मध्यम चार आणि मऊ दोन तरी हवेत, कारण पॅड ओला आणि गरम झाला की तो कापत नाही, नुसता माखतो. खांब, आरशांच्या कडा, बंपरचे कोपरे यांसाठी तीन इंची दोन वेगळे.

बाटल्यांच्या आकड्यांनीही गोंधळून जायला होतं. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. मेन्झेर्नात आकडा लहान तितकं पॉलिश कडक: 400 जोरकस, 2500 मध्यम, 3800 शेवटच्या चकाकीचं. मॅग्वायर्समध्ये 105 कापणारं आणि 205 बारीक, पण हे ग्रिट, म्हणजे कणांच्या बारकाईचे आकडे नव्हेत, नुसती नावं. कोख केमीत अक्षरं बघायची, एच म्हणजे कडक, एफ मध्यम, एम बारीक. दुसरा फरक कणांचा. काही पॉलिशमधले कण घासता घासता फुटून बारीक होतात, ती अर्धवट पुसली तर चरे राहतात, पूर्ण फिरवावी लागतात. 105 आणि 205 मधले कण तसे फुटून जात नाहीत, तिथे आपण थांबू तेव्हा काम थांबतं. आणि ज्या डब्यावर एका हातात चरे गायब असं लिहिलंय, त्यात बहुधा तेलकट भराव असतो. चार धुण्यांत तो निघून जातो आणि जाळी होती तिथेच असते.

एकच बाटली घ्यायची असेल तर बारीक ते मध्यममधली घ्या. कडक कंपाउंड गरज सिद्ध झाल्यावर.

गरज सिद्ध होते ती चाचणीच्या चौकोनात, आणि मी सर्वात जास्त वेळ इथेच घालवतो. आधी गाडी शाम्पूनं धुवायची. मग हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून हात फिरवायचा. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण उचलणारी मातीसारखी मऊ वडी, भरपूर ओला ठेवून फिरवायचा, नाहीतर तो खरखरीचा कण पॅडखाली येऊन नवे चरे पाडतो. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. उन्हातून आलेली गाडी तासभर सावलीत राहू द्या, एप्रिलमध्ये तर मी सकाळी सहालाच सुरू करतो, नंतर पॉलिश वाळून पावडर होते.

बॉनेटवर दीड फुटाचा चौकोन, मधोमध टेपची पट्टी. पट्टीच्या एका बाजूला काम करायचं, दुसरी तशीच ठेवायची. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, कमी वेगावर पसरवायचं, मग डायल चार-पाचवर. हात हळू, सेकंदाला बोटाच्या एका पेराएवढा. प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. एकदा उभं, एकदा आडवं. टूलरूमची नव्वद अंशांची सवय इथे तशीच्या तशी कामाला येते. असे चार ते सहा फेरे झाले की पुसायचं, मग एक भाग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि चार भाग पाणी फवारून पुन्हा पुसायचं. हा आयपीएचा हात चुकवू नका. पॉलिशचं तेल चऱ्यांत बसून सगळं छान दाखवत असतं, तेल उतरलं की खरं दिसतं. मग मोबाइलचा टॉर्च हातभर लांब धरून दोन्ही बाजू बघायच्या.

बलेनोवर पहिल्यांदा बारीक पॉलिश मऊ पॅडवर लावलं. चकाकी वाढली, जाळी निम्मीही गेली नाही. इथे बहुतेक जण कडक बाटली उचलतात. मी पॉलिश तेच ठेवलं आणि फक्त पॅड मध्यम घेतला. टेप काढल्यावर भाची बराच वेळ खाली वाकून बघत राहिली. एका बाजूला जाळं, दुसऱ्या बाजूला ट्यूबलाइटची सरळ, स्वच्छ रेघ. तुरळक खोल चरे राहिले होते. त्यांतला एक तिनं नखानं तपासला, नख अडकलं. "हा काढणार ना, मामा?" मी म्हटलं, नाही. नख अडकतंय म्हणजे त्याच्या तळापर्यंत जायला क्लिअरचा फार मोठा हिस्सा द्यावा लागेल, आणि ही गाडी तुला अजून दहा वर्षं वापरायची आहे.

मग तीच जोडी साऱ्या गाडीवर. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं झटकायचा, प्रत्येक पॅनेलनंतर बदलायचा. पॅडवर गाडीचाच रंग दिसला तर ताबडतोब थांबा, क्लिअर संपलंय. अपवाद क्लिअर नसलेल्या जुन्या रंगाचा. पद्मिनी-अँबेसेडरवर पॅड रंगणारच. पुसायला जाडसर, कडेला शिवण नसलेली मायक्रोफायबर फडकी घ्या, डझनभर तरी. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद. आम्हाला दोन रविवार लागले. शेवटी सीलंटचा, म्हणजे वरून बसणाऱ्या संरक्षक लेपाचा, एक हात. त्यानं चरे थांबत नाहीत, पण पाणी आणि धूळ सहज सुटते आणि पुसताना कमी घासावं लागतं.

सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारे दादा एका बादलीत वीस गाड्या करतात. पाचव्या गाडीपासून त्या पाण्यात मातीच असते. त्यांचा दोष नाही, तेवढ्या पैशांत आणि तेवढ्या वेळात दुसरं काय करणार? भाचीनं त्यांचे पैसे चालू ठेवले आणि सांगितलं, "दादा, माझ्या फक्त काचा पुसा." आता ती आठवड्याला एकदा दोन बादल्या घेते, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. आधी पाइपनं धूळ वाहून घालवते, मग मिट, म्हणजे धुण्याचा मऊ हातमोजा, फिरवते, वरून खाली, टपापासून दारांकडे. मिट दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. बोअरचं पाणी असल्यानं पाणी अंगावर वाळू देत नाही, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग बसतात. नुसती धूळ बसली असेल तर फडकं लावतच नाही. पिसांचा झाडू तिनं मला देऊन टाकला, मी त्यानं पुस्तकांचं कपाट झटकतो.

काम संपल्यावर बॉनेटवर त्याच जागी पुन्हा गेज टेकवलं. 104 होते तिथे 102 आले. एवढ्यानं यंत्राचा काटाही इकडे तिकडे होतो, म्हणजे गेलं ते फार थोडं. तारीख, दोन्ही आकडे आणि वापरलेली पॅड-पॉलिशची जोडी मी टेपवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. पुढच्या वेळी जो कोणी मशीन लावेल, त्यानं आधी ती वाचावी.