संजय गांधी निराधारचा पगार चालू करायचाय? मग हे आधी बघून घ्या

संजय गांधी निराधार अनुदान योजना, म्हणजे गावाकडच्या भाषेत निराधारचा पगार. १९८० पासून चालू असलेली महाराष्ट्र सरकारची योजना आहे, महिन्याला १५०० रुपये मिळतात, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५०० केलेत. फॉर्म भरणं काही अवघड नाही हो, लोक अडकतात ते उत्पन्नाच्या दाखल्यात आणि नंतर बँकेत.

सगळ्यात आधी आपण कुठल्या गटात बसतो ते ठरवा. नुसतं गरीब असून भागत नाही. विधवा, घटस्फोटित किंवा नवऱ्याने टाकलेली बाई, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेली व्यक्ती, अनाथ मुलं, टीबी, कॅन्सर, एड्स, कुष्ठरोग अशा आजारामुळे कमावता न येणारे, तृतीयपंथी, पस्तीशीच्या पुढची बिनलग्नाची बाई, अशी यादी आहे. घटस्फोट झालाय पण पोटगी मिळत नाही किंवा अगदीच थोडी मिळते, तरी बसतं. वय ६५ च्या आत पाहिजे. पासष्टी झाली असेल तर इथं फॉर्म टाकू नका, त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे, टेबल बहुतेक तेच असतं पण फॉर्मवर टिक वेगळी. आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहत असल्याचा रहिवासी दाखला लागतो.

आता उत्पन्न. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव पाहिजे, दिव्यांगांना ५० हजारांपर्यंत चालतं. २१ हजार म्हणजे महिन्याला १७५० रुपये, रोज ३०० रुपये मजुरी धरली तर ७० दिवसांत मर्यादा संपली! आज एवढ्यात कुणाचं घर चालतं हे सरकारच जाणे, पण नियम तो आहे. त्यामुळे यादीत नाव असेल तर आधी ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून त्याचा उतारा काढा, म्हणजे दाखल्याची अर्धी कटकट वाचते. नसेल तर तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल घ्यायचा आणि त्यावर तहसीलदाराचा दाखला काढायचा. इथं एक गोष्ट बघा, पोराच्या स्कॉलरशिपसाठी त्याच वर्षी लाखाचा दाखला काढलाय आणि इकडं २१ हजारांचा मागताय असं झालं की तलाठी हमखास अडवतो. आईचं नाव कमावत्या मुलाच्या रेशन कार्डावर असलं तरी मुलाची कमाई किती हा प्रश्न येणारच. ती खरंच वेगळी राहत असेल, वेगळी चूल असेल तर रेशन कार्ड आधी वेगळं करून घ्या, फॉर्म त्यानंतर.

बाकी कागद म्हणजे आधार, रेशन कार्ड, वयाचा पुरावा, पासबुकची झेरॉक्स, फोटो. शिवाय गटाप्रमाणे नवऱ्याचा मृत्यू दाखला, कोर्टाचा निकाल, दिव्यांग प्रमाणपत्र किंवा सरकारी दवाखान्याचं आजाराचं सर्टिफिकेट. नावाचं स्पेलिंग सगळीकडं एक आहे का बघा, आधारवर सासरचं आणि पासबुकवर माहेरचं आडनाव असलं की फाईल तिथंच थांबते.

बँकेचं प्रकरण जरा नीट समजून घ्या. पैसे आता डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येतात. 'माझं आधार लिंक आहे' असं सगळेच सांगतात, पण केवायसीला, म्हणजे बँकेत ओळख पटवायला आधार दिलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा व्हायला आधार सीडिंग, म्हणजे ते त्या खात्याला जोडलेलं असणं वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं आणि शेवटचं जिथं केलं तिथं पैसे जातात. बाई जिल्हा बँकेचं पासबुक भरून आणते, एंट्री शून्य, आणि पैसे पडलेले असतात कुणीतरी मोबाईलवर उघडून दिलेल्या भलत्याच खात्यात. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाईल जवळ ठेवा. खातं चुकीचं दिसलं तर पाहिजे त्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरून द्या.

हे झालं की अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्या, सेतूतूनही भरता येतो. पोचपावती घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. अर्ज पुढं तालुक्याच्या समितीसमोर जातो आणि मीटिंग कधी लागेल याचा नेम नसतो, म्हणून 'पुढच्या मीटिंगच्या यादीत माझं नाव आहे का' एवढंच नेमकं विचारत राहा. कोणी 'मंजूर करून देतो' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, त्याच्या हातात काही नसतं. नामंजूर झालं तर कारण लेखी मागा, टाळाटाळ केली तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

लाडकी बहीण चालू असलेल्या बायकांनी आधीच ध्यानात घ्या, निराधारचे १५०० चालू झाले की तिकडचे मिळत नाहीत. आणि नवरा नुकताच वारला असेल, तो १८ ते ५९ वयाचा घरचा मुख्य कमावता असेल आणि घर दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार वेगळे मिळतात, त्याचा फॉर्म तहसीलमध्येच मागून घ्या, आपणहून कोणी सांगत नाही.

पगार चालू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो राहिला की पैसे बंद.