कडक पोलादाच्या सुरीला धार: काय घ्यावं

विळी-कोयत्याला चालणारा निसणा ६० एचआरसीच्या (पोलादाच्या कडकपणाचं माप) वरच्या, भरपूर व्हॅनेडियम धातू मिसळलेल्या सुरीवर नुसता घसरतो. अशा पोलादातले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण निसण्यातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपात कार्बाइड टूलला डायमंड चाक लागतं, तेच कारण. डायमंड प्लेट घ्या: ४०० आणि १००० ग्रिट (आकडा मोठा तितके कण बारीक), दोन पुरेत.

पाणी शिंपडा. कोन दर बाजूला १५ अंश, म्हणजे ४५ मिमी रुंद पात्याची पाठ प्लेटपासून साधारण १२ मिमी वर. हात हलका ठेवा. जोर दिला की हिऱ्याचे कण उपटतात. पलीकडच्या काठावर नखाला बारीक बर (धातूची दुमडलेली कोर) अडकली की बाजू बदला.

रेघांची लोखंडी सळई नको, टवके उडतात. फिरत्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर तर मुळीच देऊ नका: काठ तापून निळा पडला की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलंच.